बोइटाच्या पोटातले मोती

माशाच्या पोटावर सुरी फिरली, आतड्यांचा गुंता बाहेर लोंबला आणि मोतीनाथ महाराजांनी त्यात दोन बोटं घालून एक पांढरा, गोल, चकचकीत दाणा वर काढला. कांदळपाड्याच्या खाडीकाठी जमलेल्या हजारभर माणसांच्या तोंडून एकदम ‘आऽऽ’ निघालं. पुढच्या बायकांनी पदर पसरले, मागच्यांनी मोबाइल उंच धरले.

“बघा!” महाराज माइकवर गरजले. “देवदानवांनी समुद्र घुसळला. चौदा रत्नं निघाली. पंधरावं दर्याने लपवून ठेवलं. कुणासाठी? तुमच्यासाठी! कुणाच्या पोटात ठेवलं? सुरमईच्या? नाही. पापलेटच्या? नाही. बोइटाच्या! कारण बोईट चिखल खातो. आणि जो नम्रपणे चिखल खातो, त्याच्याच पोटी मोती पिकतो!”

मी गर्दीच्या मागे उभा होतो. या गावात मी बरीच वर्षं दवाखाना चालवतो, आणि माझ्या अनुभवात चिखल खाणाऱ्याच्या पोटी जंत पिकतात. पण हे ऐकायला तिथे कुणी मोकळं नव्हतं.

महाराज गेल्या गणपतीनंतर गावात उगवले. अंगात निळी कफनी, कारण म्हणे समुद्र निळा. आमची खाडी कधीच निळी नसते. ती करडी असते, आणि बोईसरच्या कारखान्यांकडून येणारा नाला तिला मिळतो तिथे कधी तांबूस, कधी फेसाळ. बरोबर भाग्येश नावाचा एक चेला. ओल्या गोणपाटाखाली झाकलेल्या क्रेटमधून मासे काढून महाराजांच्या हाती देणं हे त्याचं काम. दर रविवारी मासे कापले जायचे, दर रविवारी मोती निघायचे. रोज एक मोती पाण्याबरोबर गिळला की मूळव्याध, दमा, वांझपण, कर्ज, सासू, सगळ्यांवर उतारा.

त्या रविवारी गर्दीपासून थोडं दूर एक बाई गुडघाभर चिखलात उभी होती. एका हातात स्टीलची बादली, दुसऱ्या हातात बारीक जाळीची चाळण. ती प्रियदर्शिनी. पालघरच्या एका कॉलेजात शिकवायची आणि खाडीतलं पाणी, गाळ, मासे यांत प्लास्टिकचे किती बारीक कण आहेत ते मोजायची. तिचे वडील साताऱ्याकडून कारखान्यात नोकरीला आले, ती बोईसरलाच जन्मली. महाराजांची नजर तिच्यावर गेली.

“ती बाई बघा!” ते माइकवर म्हणाले. “चाळण घेऊन खाडीत काय शोधते? कचरा! अहो, ज्याची जशी नजर तसं त्याला मिळतं. तिला मिळतो कचरा, आम्हाला मिळतो मोती!”

लोक खदखदा हसले. दोन पोरं चिखलातून पळत गेली आणि त्यांनी तिची बादली लाथेने उलटी केली. तिने ती उचलली, धुतली आणि पुन्हा भरायला वाकली. यावर लोक आणखी हसले.

मंडप होता नरहरीच्या वाडीत. नरहरी म्हणजे गावातला पिढीजात चिकूवाला, माणूस कष्टाळू आणि मानाचा भुकेला. महाराजांनी त्याला ‘प्रथम सेवक’ अशी पदवी दिली आणि नरहरीने वाडीचा खाडीकडचा कोपरा मठाला देऊन टाकला. त्याची बायको मंदा. आणि त्यांची एकुलती एक मुलगी किंजल.

किंजल सहावीत होती. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नव्हतं. हा मोठ्या माणसांचा, गोळ्यांवर भागणारा मधुमेह नव्हे. या आजारात इन्सुलिन बाहेरून द्यावंच लागतं. जेवणाआधी सुई, रात्री सुई, जन्मभर. दिलं तर मूल शाळेत जातं, पळतं, भांडतं, परीक्षेत पहिलं येतं. नाही दिलं तर मरतं. मधलं काही नसतं. हे मी नरहरीला आणि मंदाला समोर बसवून सांगितलं होतं, आणि त्यांनी ते नीट पाळलंही होतं. किंजल तर स्वतःच्या पोटाला स्वतः टोचून घ्यायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, “काका, बघा, रडली नाय मी.”

मग एके दिवशी ती शाळा सुटल्यावर एकटीच दवाखान्यात आली. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. आल्या आल्या माठातलं पाणी गटागटा प्यायली.

“काका, मला सुई पायजे.”

“घरची संपली?”

“नाय. बाबांनी सगळं खाडीत टाकलं. सुया, बाटल्या, साखर बघायचं मशीन, सगळं. म्हाराज बोलले, सुई टोचली का मोती रुसतो.” तिने दप्तराच्या कप्प्यातून एक दाणा काढून टेबलावर ठेवला. “रोज ह्यो गिळायचा. पण काका, ह्यो मोती नाय. मी चावून बघितला. दाताचा वळ उठला. बघा ना. मोत्याला वळ उठतो काय?”

मी बघितलं. दाण्यावर छोट्या दाताचा स्पष्ट ठसा होता.

मी तिची साखर तपासली. यंत्राला आकडा दाखवता आला नाही, इतकी वर गेली होती. इन्सुलिन दिलं, सलाइन लावलं आणि नरहरीला फोन केला. मला वाटलं, बाप आहे, पोरीची ही अवस्था बघितली की शुद्धीवर येईल. तो आला. आल्या आल्या त्याने सलाइनची नळी बघितली आणि त्याचा चेहरा तापला.

“कोणाला विचारून टोचलं तुमी?”

“नरहरी, ही दोन दिवसांत बेशुद्ध पडेल. तिला आत्ता बोईसरला दाखल करायला हवं.”

“दोन वर्सं तेच ऐकतोय! टोचा, टोचा, टोचा! बरी झाली का ती? सांगा, बरी झाली का?”

“बरी नाही होत. जगते.”

“बघा! तुमीच बोलता, बरी नाय होत. म्हाराज बोलतात, बरी होते. मग मी कोणाचं ऐकू?”

या प्रश्नावर मी जे बोललो ते सगळं बरोबर होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. त्याने तिच्या हातातली सुई स्वतः उपटली. किंजल ओरडली नाही. दारातून बाहेर पडताना ती एवढंच म्हणाली, “बाबा, मला खरंच पायजे ती.” तो म्हणाला, “गप.”

मी चौकीत गेलो. लेखी तक्रार दिली, जादूटोण्याविरुद्धचा कायदा दाखवला. तिथल्या साहेबांनी कागद वाचला, त्याची घडी घातली आणि विचारलं, “मुलगी कुणाची? बापाची ना? मग बाप ठरवील. आणि डॉक्टर, रविवारी तिथे आमचाच बंदोबस्त आहे. मोठे लोक येणार आहेत. सोमवारी बघू.” बोलताना त्यांच्या मनगटावरच्या लाल दोऱ्यात एक पांढरा दाणा हलत होता.

नरहरीच्या घराला कुलूप होतं. किंजलला ‘अनुष्ठाना’साठी मठात ठेवलं होतं. मी मठाच्या दारात गेलो तेव्हा चार सेवकांनी मला खांद्याला धरून रस्त्यावर आणून सोडलं. त्यातल्या एकाचं हाड मीच बसवलेलं होतं.

मग तो दाणा घेऊन मी पालघरला प्रियदर्शिनीकडे गेलो.

तिची प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागची एक खोली. कपाटात काचेच्या बरण्या, त्यात पिवळसर द्रव. ती दाणा बघून हसली नाही, चकितही झाली नाही. पेल्यात पाणी घेतलं आणि तो आत टाकला. दाणा वर आला आणि तरंगत राहिला.

“खरा मोती बुडतो,” ती म्हणाली. “हा प्लास्टिकचा कच्चा माल आहे. कारखान्यात याला नुसतं दाणाच म्हणतात. पोत्यांनी येतो, वितळवून बादल्या, पिशव्या, डबे करतात. माझे वडील घरी यायचे तेव्हा त्यांच्या चपलांत अडकलेला असायचा.”

“मग खाडीत सांडलेला माशांनी गिळला असेल?”

“शक्य आहे. पण हा नाही.” तिने एक बशी पुढे केली. त्यात मळकट, पिवळे, खरबरीत दाणे होते. “हे खाडीकाठच्या वाळूतून चाळून काढलेले. ऊन आणि खारं पाणी लागलं की दाणा असा होतो. तुमच्या बाबाचे सगळे पांढरे, सगळे एका मापाचे, सगळे नवे. हे पोत्यातून थेट माशात गेलेत.”

“कसे?”

“ते त्याच्या क्रेटमधला मासा बघितल्याशिवाय सांगणार नाही.”

मी बरण्यांकडे बोट केलं. त्यात माशांची आतडी असल्याचं तिने सांगितलं. कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवली की मांस विरघळतं, प्लास्टिक विरघळत नाही. मग तो द्रव गाळायचा, गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि एकेक कण मोजायचा. एका बरणीत नुसतं रसायन होतं, मासा नव्हताच.

“ही रिकामी का?”

“हवेतूनही धागे पडतात. माझ्या कपड्यांतून पडू शकतात, म्हणून इथे मी फक्त सुती घालते. तरी जे या रिकाम्या बरणीत सापडेल ते मी एकूण मोजणीतून वजा करते. नाहीतर माझाच कचरा माशाच्या नावावर लागेल.”

मला महाराज आठवले. जो माणूस कधीच चुकत नाही त्याला रिकामी बरणी लागत नाही.

“रविवारी येते मी,” प्रियदर्शिनी म्हणाली. “हसू देत लोकांना.”

रविवारी वाडीच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत मोटारसायकली, टेम्पो आणि रिक्षा अशा लागल्या होत्या की माणूसच आडवा होऊन आत शिरेल. बोईसरहून कामगारांच्या झुंडी आल्या होत्या, वाणगावकडची माणसं होती. आज मोत्याहून मोठा चमत्कार होता.

मंचावर गादी घातली होती आणि गादीवर किंजल पडली होती. गळ्यात मोगऱ्याचे हार. मंदा तिच्या उशाशी हात जोडून बसली होती. लोक एकेक करून पुढे येत, मुलीच्या तोंडाशी वाकत, श्वास घेत आणि डोळे मिटून मागे सरत.

“पिकल्या फळाचा वास हाय!” एक बाई रडत रडत सांगत होती. “पोरीच्या तोंडातून! देव शिरलाय हो पोरीत!”

महाराज माइकवर होते. “दोन वर्षं हिच्या अंगात साखर होती. सुयांनी गेली? नाही गेली. मोत्याने काय केलं? साखरेचं अत्तर केलं! घ्या, घ्या, एकेकाने वास घ्या, ढकलू नका!”

मी मंचापासून दूर उभा होतो, पण तो वास कसला हे मला ऐकूनच कळलं. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हा वास पहिल्या वर्षातच शिकवतात. इन्सुलिन नसलं की शरीर साखर जाळू शकत नाही, चरबी जाळायला लागतं, रक्तात विष साठतं आणि श्वासाला सडत आलेल्या गोड फळाचा वास येतो. तिची छाती धापा टाकल्यासारखी खोल खोल वरखाली होत होती. पोरगी मरत होती आणि लोक रांग लावून त्याचा वास घेत होते.

मी ओरडत पुढे घुसलो. सेवकांनी धरलं. “सोडा! विष भिनलंय तिला! ती मरेल!”

“डॉक्टरांचा धंदा मरतोय!” महाराज म्हणाले. हशा झाला. त्या हशात माइकने किंजलचा आवाज उचलला. ती पुटपुटली, “पाणी.”

“ऐकलंत? समुद्राची लेक पाणीच मागणार!” आणि टाळ्या पडल्या. टाळ्या.

तेवढ्यात प्रियदर्शिनी बाजूच्या पायऱ्यांनी मंचावर चढली. बाई म्हणून तिला हात लावायला सेवक कचरले, तेवढी उसंत तिला पुरली. तिने मंदासमोरच्या ताटलीतला एक मोती उचलला, तीर्थाच्या काचेच्या पेल्यात टाकला आणि पेला उंच धरला.

“मोती पाण्यात बुडतो. हा तरंगतोय. सगळ्यांनी बघा!”

 महाराज क्षणभरही थांबले नाहीत. “सत्य कधी बुडतं का, मुली?”

पुन्हा टाळ्या. प्रियदर्शिनीने वाद घातला नाही. पिशवीतून चिमटा काढला, दुसरा मोती धरला आणि समईच्या ज्योतीवर नेला. मोती मऊ पडला, लांबला, त्याची तार निघाली, आणि मग पेटते थेंब टपटप खाली गळायला लागले. मेणासारखा उग्र वास मंडपात पसरला. भाविकांना तो नवा असेल. पण त्या गर्दीत निम्मे लोक असे होते जे कारखान्याच्या पाळीतून रोज तोच वास घेऊन घरी जात होते.

“अरे, ये तो दाना है!” मागून एक कामगार ओरडला. “अपनी कंपनी का दाना! मशीन में डालते हैं!”

“दाना है, दाना!” आणखी आवाज उठले.

भाग्येशने क्रेट उचलला आणि पळायला गेला. मंचाच्या मागच्या दोरीत त्याचा पाय अडकला, क्रेट पालथा पडला. मासे पसरले आणि माशांबरोबर एक प्लास्टिकची नळी, एक काडी बाहेर पडली, आणि पांढऱ्या दाण्यांची पिशवी फुटून मंचभर दाणे उधळले. प्रियदर्शिनीने एक बोईट उचलला, त्याचा जबडा फाकवला आणि लोकांकडे धरला.

“हा बघा, दाणा घशातच अडकलाय. मासा मेल्यावर नळी घालून काडीने ढकललाय. मेलेला मासा गिळत नाही! एवढाच चमत्कार आहे. आता त्या मुलीला जाऊ द्या!”

तिचं शेवटचं वाक्य कुणी ऐकलं नाही.

मी मंचावर पोहोचलो तेव्हा मंदा भानावर आली होती. तिने स्वतः हार ओरबाडून काढले आणि किंजलला माझ्या हातात दिलं. “चला डॉक्टर, चला.” मी नरहरीला हाक मारली, “गाडीची वाट मोकळी कर! फाटक!” नरहरीने माझ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं आणि तो उलट दिशेने धावला. महाराजांकडे. पहिली लाथ त्याने मारली.

मग हजार माणसं महाराजांना मारायला आत लोटली. रस्त्यावरची आत, आतली मंचाकडे. सकाळपासून त्यांनी श्रद्धेने वाट अडवली होती, आता रागाने अडवली. मी पोरीला छातीशी धरून ओरडत होतो, “सरका, पेशंट आहे,” आणि लोक माझ्या अंगावरून पुढे जात होते, कारण प्रत्येकाला एक तरी फटका मारायचा होता. माझी गाडी फाटकाशी होती. तिच्या मागेपुढे गाड्या होत्या आणि त्यांचे मालक मठ मोडत होते. एकाने माझ्या गाडीच्या टपावर चढून व्हिडिओ काढला. मी त्याच गाडीच्या मागच्या सीटवर पोरीला सलाइन लावलं, इन्सुलिन दिलं. प्रियदर्शिनी आणि तो मघाचा कामगार, दोघांनी हाताने मोटारसायकली उचलून बाजूला टाकल्या तेव्हा कुठे चाक हललं.

बोईसरला पोहोचेपर्यंत किंजलचा श्वास मंदावला होता. तिथल्या डॉक्टरांनी जे जे करता येतं ते सगळं केलं. उन्हं कलायच्या आत ती गेली. मंदा पायाशी बसून होती. नरहरी नंतर आला. त्याचा शर्ट फाटला होता आणि मुठीची सालपटं निघाली होती. तो म्हणाला, “हात मोडला मी त्याचा.” मग त्याने पलंगाकडे बघितलं.

त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर महाराजांना आणलं होतं. एक हात मोडलेला, कपाळ फुटलेलं, दोन पोलीस राखणीला. त्या दिवशी तिथे डॉक्टर कमी होते म्हणून मला त्यांच्याकडेही बोलावलं. मला बघून ते कळवळून म्हणाले, “डॉक्टर, इंजेक्शन द्या हो लवकर. सहन होत नाही.” मी विचारलं, “मोती देऊ?” त्यांनी डोळे मिटले. धनुर्वाताचं दिलं, वेदनेचंही दिलं. 

पुढे प्रियदर्शिनीची मोजणी पुरी झाली. तिने ती गावातच सांगायचं ठरवलं. शाळेच्या ओसरीवर लोक जमले. लॅपटॉपच्या पडद्यावर तिने गाळणकागद दाखवले. मोती कुठेच नव्हते. निळे, लाल, काळे धागे होते. जाळ्यांचे, दोरांचे, कपड्यांचे. फुटक्या डब्यांचे केसाहून बारीक तुकडे होते. बहुतेक सगळ्या बोइटांत, सगळ्या कालवांत, गाळाच्या प्रत्येक नमुन्यात.

रखमाबाई मासे विकणारी. ती उठून उभी राहिली. “म्हंजे आता आमचा मासा कोण घेल? हां? पोटावर पाय देयाला आलीस तू!”

“मासे खाऊ नका असं मी म्हणत नाही,” प्रियदर्शिनी म्हणाली. “आतडी काढून टाका. नाल्यातून दाणा येतो तो बंद करायला आपण सगळे मिळून भांडू, माझी मोजणी पुरावा म्हणून घ्या.”

“ह्याने माणसाला काय व्हतं, ते तरी सांग.”

“नक्की किती अपाय होतो, ते अजून मला माहीत नाही. कुणालाच पुरतं माहीत नाही. शोध चालू आहे.”

“मायती नाय, तर आलीस कशाला?” रखमाबाई म्हणाली. मागून कुणीतरी बोललं, “म्हाराज होता तवा माशात मोती तरी व्हता. आता नुसता कचरा.” आणि देवाशपथ सांगतो, चार माणसांनी मान डोलावली.

तेव्हा कोपऱ्यातून मंदा बोलली. त्या दिवसानंतर मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

“मॅडम, माझ्या पोरीच्या पोटात ते दाणे गेले. त्यानीच गेली का ती?”

 ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. मोतीनाथ बाबा तुरुंगात होता, दाणे त्याचे होते, ‘हो’ म्हटलं की सगळं पाप त्याच्या गळ्यात पडत होतं. मंदा तेवढंच मागत होती.

“नाही, मंदाताई,” प्रियदर्शिनी म्हणाली. “ते दाणे तसेच बाहेर पडले असतील. ती इन्सुलिन थांबलं म्हणून गेली.”

“म्हंजे आमी थांबवलं म्हणून.”

 प्रियदर्शिनीने मान खाली घातली नाही की फिरवली नाही. मंदा उठली, चपला घातल्या आणि घरी गेली. मला त्या क्षणी प्रियदर्शिनीचा राग आला होता. पण जी बाई माशाच्या आतड्याबद्दल खोटं बोलत नाही, ती मेलेल्या पोरीबद्दल कसं बोलेल?

नरहरीचं सांगायला हवं. तो हल्ली मनोरला जातो. हायवेलगत एक माणूस बसतो, तो म्हणे मेलेल्यांशी बोलणं करून देतो. नरहरी परवा रस्त्यात भेटला तर त्याचे डोळे चमकत होते. “किंजल बोलली माझ्याशी, डॉक्टर. बोलली, बाबा, मी सुखात हाय, तुमची काय चूक नाय.”  मठ मोडला, बाबा तुरुंगात गेला, पण ज्याला बाबा हवा आहे तो दुसरा शोधतो.

मी डॉक्टर आहे, लेखक नव्हे. तरीही हे लिहितोय, कारण तुमच्या गावातही कुणीतरी काहीतरी पोटातून काढत असेल, हवेतून आणत असेल, पाण्यातून उठवत असेल. ते हातात घेऊन बघायला घाबरू नका. विचारा, तू हे कसं तपासलंस? तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणी तपासलं तर तेच निघेल का? आणि चुकलास तर चूक झाली हे तुला कशावरून कळेल? खरा माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. तो तुम्हाला खुर्ची देतो आणि आपली यंत्रं दाखवतो. ‘मला माहीत नाही’ असं जो सांगतो त्याच्यावर भरवसा ठेवायला शिका. जो सगळंच जाणतो त्याच्यापासून आपली मुलं लांब ठेवा.

आणि घरात औषधावर जगणारं मूल असेल, तर कुठलाही देव, गुरू किंवा शेजारी काहीही सांगो, त्याचं सांगणं पारखून होईपर्यंत औषध चालू ठेवा. पारखून झाल्यावरही चालू ठेवा.